डॉक्टर घरी असताना

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 रोजी, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन आटोपून दमलेली गावे गाढ झोपेत होती. लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजला 17 जानेवारी 1994 रोजी पहाटे साडेचारला हादरा बसला, बरोबर एक वर्षाने जपानमधल्या कोबेला पावणेसहाला, आणि ऑगस्ट 1999 मध्ये तुर्कस्तानच्या मार्मारा भागाला रात्री तीनला. भूकंपाला पहाटेची विशेष आवड आहे असे मात्र नाही. भूजचा भूकंप 2001 च्या प्रजासत्ताक दिनी सकाळी पावणेनऊला झाला, नेपाळचा 2015 मध्ये दुपारी बाराच्या सुमारास. तो केव्हाही होऊ शकतो, एवढेच.

पण या 'केव्हाही'चा एकदा हिशेब करावा. आठवड्याचे तास 168. विद्यापीठाच्या आवारातले आरोग्य केंद्र आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास पूर्ण मनुष्यबळाने चालते असे धरले, तर ते 48 तास होतात. राहिले 120. म्हणजे दहातल्या सात शक्यता अशा की जमीन हलेल तेव्हा डॉक्टर घरी असतील, औषधांच्या कपाटाला कुलूप असेल, किल्ली फार्मासिस्टच्या खिशात असेल आणि वसतिगृहे मात्र काठोकाठ भरलेली असतील. आराखडे लिहिले जातात ते कार्यालयीन वेळेत, आणि त्यांच्या मनातला भूकंपही बहुधा कार्यालयीन वेळेतच होतो. 'वैद्यकीय अधिकारी तातडीने घटनास्थळी पोहोचतील' हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते कोणत्या रस्त्याने पोहोचतील, त्यांचे स्वतःचे घर उभे असेल का, फोन लागेल का, हे प्रश्न त्या वाक्यात मावत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे : कॅम्पसच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी भूकंपानंतरच्या उपचारांची योजना आखताना पहिले कलम स्वतःच्या गैरहजेरीचे लिहावे. आपण नसताना कोण काय करील, कोणत्या अधिकाराने करील, कोणत्या साहित्याने करील, हे ठरले की उरलेली योजना आपोआप जागेवर येते. हे ठरले नसेल तर उरलेली योजना कितीही जाडजूड असली तरी तिचा उपयोग नाही.

ढिगाऱ्याखालून माणसे कोण काढते, याचे उत्तर कोबेने दिले आहे. तिथे अडकलेल्यांपैकी सुमारे 35,000 लोकांना दुसऱ्यांनी बाहेर काढले असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या सुमारे 27,000 जणांना काढले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. अग्निशमन दल, पोलीस आणि लष्कर यांचा वाटा उरलेला. जपानसारख्या सज्ज देशातली ही गोष्ट आहे. पहिल्या काही तासांत जो जिवंत निघतो तो बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या हातून निघतो. यंत्रणा येते तोवर वेळ गेलेली असते. आता कॅम्पसकडे पाहावे. अठरा ते पंचवीस वयाची, धडधाकट, एकमेकांना नावाने ओळखणारी, कोण कोणत्या खोलीत झोपतो हे माहीत असलेली शेकडो मुले-मुली प्रत्येक वसतिगृहात आहेत. कोणत्याही शहरी वस्तीला एवढे मोठे बचावदल लाभत नाही. आपले आराखडे मात्र या मुलांना 'बाधित' या एकाच रकान्यात टाकतात.

यावर लगेच आक्षेप येतो की अडाणी उत्साहाने नुकसानच जास्त होते. आक्षेप खरा आहे. सप्टेंबर 1985 च्या मेक्सिको सिटीतल्या भूकंपात सामान्य नागरिकांनी शेकडो लोकांना वाचवले, आणि ते करताना शंभरावर स्वयंसेवक स्वतः मेले. पण त्यातून काय शिकायचे, हा खरा मुद्दा. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने त्यातून 'लोकांना लांब ठेवा' असा धडा घेतला नाही. लोक आत शिरणारच, तेव्हा त्यांना आधीच शिकवून ठेवा, असा घेतला, आणि त्याच सुमारास नागरिकांसाठी प्रशिक्षण सुरू केले. पुढे 1993 पासून ते अमेरिकाभर पसरले. त्यात वीसेक तासांत शिकवतात ते साधेच : गॅस आणि वीज कशी बंद करायची, छोटी आग कशी विझवायची, तरफ लावून जड वस्तू कशी उचलायची, कोणत्या इमारतीत अजिबात पाऊल टाकायचे नाही, रक्त कसे थांबवायचे, जखमींची वर्गवारी कशी करायची. मित्र आत ओरडत असताना बाहेर थांबणारा विद्यार्थी मला तरी कल्पता येत नाही. तो आत जाणार हे नक्की. शिकून जाणार की न शिकता, एवढेच ठरवणे आपल्या हातात आहे.

महाराष्ट्रात यासाठी नवे काही उभारावे लागणार नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून महाविद्यालयांत आहे, एनसीसी त्याआधीपासून आहे, आणि राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने विद्यापीठांच्या स्वयंसेवकांसाठी 'आव्हान' नावाची आपत्ती व्यवस्थापनाची शिबिरे होत आली आहेत. उणीव आहे ती जोडणीची. शिबिरातून परतलेल्या विद्यार्थ्याचे नाव त्याच्याच कॅम्पसच्या सिस्टरला माहीत असते का? त्याच्या वसतिगृहाच्या रेक्टरला? प्रमाणपत्र फाइलमध्ये लागते आणि शिकलेले हात गर्दीत हरवतात. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर प्रत्येक मजल्यावरच्या दोन प्रशिक्षित विद्यार्थ्यांची नावे आणि खोली क्रमांक असावेत, आणि दरवर्षी जूनमध्ये ती यादी बदलावी. योजनेचे पहिले पान हे असावे.

आता आरोग्य केंद्र स्वतः काय करू शकते ते पाहू, कारण इथेही मोठा गैरसमज आहे. आपण त्याला छोटे रुग्णालय समजतो. एक-दोन डॉक्टर, तीन-चार सिस्टर, एक फार्मासिस्ट, ड्रेसिंगची खोली, निरीक्षणासाठी चार-सहा खाटा आणि एक रुग्णवाहिका, एवढ्यावर पाच-सात हजारांची वस्ती सांभाळायची असते. महाराष्ट्रात 2014 मध्ये 108 क्रमांकाची सेवा सुरू झाली ती 937 रुग्णवाहिकांनिशी, अख्ख्या राज्यासाठी. मोठ्या भूकंपानंतर जवळपासच्या गाड्या जातील तिकडे, जिथे जुने वाडे आणि गावठाणे कोसळली असतील. ते योग्यच आहे. आरसीसी वसतिगृहांच्या कॅम्पसचा नंबर उशिरा लागेल, आणि हे गृहीत धरूनच पहिले तीन दिवस आपल्या बळावर काढायची तयारी ठेवली पाहिजे.

या तीन दिवसांत केंद्राने शस्त्रक्रिया करायच्या नाहीत, तुटलेली हाडे बसवायची नाहीत. त्याची कामे चार : जखमींची वर्गवारी, रक्तस्राव आणि श्वास सांभाळणे, किरकोळ जखमींना तिथेच थोपवून धरणे, आणि आधीपासून आजारी असलेल्यांची औषधे चालू ठेवणे. तिसरे काम सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. भूकंपात जखमी होणाऱ्यांत खरचटलेले, मुरगळलेले, काचेने कापलेले फार असतात, आणि ज्यांना चालता येते तेच रुग्णालयात आधी पोहोचतात. मागून गंभीर रुग्ण येतो तेव्हा दार, खाट आणि डॉक्टर तिन्ही अडलेले असतात. कॅम्पसने आपले दोनशे किरकोळ जखमी टाके-पट्टी करून मैदानातच ठेवून घेतले, तर त्याने शहराच्या रुग्णालयाला दोनशे रुग्णांची मदत केली असे समजावे.

वर्गवारीची पद्धत अवघड नाही. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचे अग्निशमन दल आणि तिथले होग रुग्णालय यांनी 1983 मध्ये एक पद्धत तयार केली. ती आज जगभर शिकवली जाते. आधी मोठ्याने सांगायचे, 'ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली जावे.' ते हिरवे. उरलेल्यांना प्रत्येकी अर्धा-एक मिनिट. श्वास चालू नसेल तर श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही तर काळा. श्वास मिनिटाला तीसच्या वर असेल, मनगटाची नाडी लागत नसेल, किंवा साधी सूचना पाळता येत नसेल तर लाल. बाकीचे पिवळे. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला हे एका दुपारी शिकवता येते.

अवघड आहे ते त्यामागचे नैतिक ओझे. डॉक्टरचे सगळे शिक्षण समोरच्या एका रुग्णासाठी सर्वस्व पणाला लावायला सांगते. इथे मात्र जो वाचण्याची शक्यता नाही त्याला सोडून पुढे जायचे असते. रोजच्या दिवशी ज्याच्या छातीवर दाब देत आपण अर्धा तास झुंजलो असतो, त्याला काळी पट्टी बांधून दोन मिनिटांत शेजारच्याकडे वळायचे. हा निर्णय पहाटे, अंधारात, एकट्या सिस्टरने किंवा वीस वर्षांच्या स्वयंसेवकाने आपल्या जबाबदारीवर घ्यावा अशी अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. तो निर्णय संस्थेने आधी घ्यायचा असतो. कोणत्या क्रमाने उपचार होतील हे विद्वत् परिषदेत मांडावे, विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगावे, त्यावर वाद होऊ द्यावेत. ज्या नियमावर शांतपणे चर्चा झाली आहे तोच नियम आकांतात टिकतो.

या नियमाचे आपल्याकडे आणखी एक कारण आहे. आपले कॅम्पस हुद्द्यांवर चालतात. आरोग्य केंद्रातसुद्धा 'साहेबांना आधी बघा' हे रोजचे वाक्य आहे. रांगेत उभा असलेला मेसमधला पोऱ्या त्यावर काही बोलत नाही. भूकंपाच्या रात्री विभागप्रमुखाच्या मुलाचा हात मोडलेला असेल आणि बांधकामावरच्या मजुराच्या बायकोच्या मांडीतून रक्त वाहत असेल, तर सिस्टरने कुणाकडे जायचे? वैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. पण त्या सिस्टरची नोकरी कंत्राटी असेल, तर ते उत्तर अमलात आणायला तिला लेखी आधार लागतो. 'वर्गवारी करणाऱ्याचा निर्णय अंतिम. हुद्दा विचारात घेतला जाणार नाही' असे एक वाक्य कुलगुरूंच्या सहीने केंद्राच्या दारावर लावलेले असावे.

त्यालाच जोडून दुसरा प्रश्न : मोजायचे कुणाला? ओळखपत्र असलेल्यांची यादी संगणकात असते. मेसचे आचारी, सफाई कामगार, रात्रपाळीचे वॉचमन, नव्या इमारतीच्या बांधकामावर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे आणि त्यांची लहान मुले कोणत्याच यादीत नसतात. मोठ्या कॅम्पसवर रात्री असे शेकडो जण झोपलेले असू शकतात. योजनेत त्यांची संख्या नसेल तर पट्ट्या, पाणी, सलाइन सगळेच कमी पडणार.

उलट बाजूला, यादीत असलेले पण कॅम्पसवर नसलेले विद्यार्थी. कोबे विद्यापीठाने त्या भूकंपात 39 विद्यार्थी गमावले. आसपासच्या जुन्या लाकडी घरांमधल्या भाड्याच्या खोल्या अनेकांच्या जिवावर बेतल्या. नॉर्थरिजच्या कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या जवळच एक तीन मजली निवासी संकुल कोसळले, तिथे 16 जण मेले आणि त्यांत त्या विद्यापीठाचे दोन विद्यार्थी होते. आता पुण्याचा विचार करावा. बाहेरगावच्या किती विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळते? बाकीचे सदाशिव पेठेपासून कोथरूड-कर्वेनगरपर्यंत कॉट बेसिसवर, जुन्या वाड्यांत, एकेका खोलीत चार-पाच जण असे राहतात. विद्यापीठाची योजना कुंपणापाशी संपत असेल, तर सर्वांत धोक्याच्या घरांत राहणारी मुले तिच्या बाहेर पडतात. बाहेर राहणाऱ्यांचे पत्ते पेठवार ठेवणे आणि प्रत्येक भागात जमण्याची एक जागा ठरवून देणे, एवढे तरी करता येते.

अधिकाराचा मुद्दा मी सुरुवातीला मांडला. तो किती जीवन-मरणाचा आहे हे दाखवायला एकच आजार पुरे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्यातून शुद्धीवर, बोलत बाहेर आलेली माणसे काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन मरताना दिसली. बायवॉटर्स आणि बील यांनी 1941 मध्ये त्याचे वर्णन केले. तासन्तास चेंगरलेल्या स्नायूवरचा दाब निघाला की त्यातले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात उतरते. पहिले हृदय थांबवू शकते, दुसरे मूत्रपिंडात अडकते. मार्मारा भूकंपानंतर अशा 639 रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतल्या 477 जणांना डायलिसिस लागले. यावरचा पहिला उपाय महागडा नाही. शक्य असेल तर वजन उचलण्याआधीच, नाहीतर उचलताक्षणी शिरेतून साधे सलाइन सुरू करायचे, आणि पोटॅशियम असलेले रिंगर लॅक्टेट टाळायचे.

पण सलाइन लावायचे कुणी? डॉक्टरच्या आदेशाशिवाय सिस्टर हात लावणार नाही, आणि रोजच्या दिवशी ते बरोबरही आहे. फोन बंद असलेल्या रात्री मात्र तोच नियम माणूस मारतो. उपाय आहे तो स्थायी लेखी आदेशाचा : अमुक लक्षणे असतील तर सिस्टरने अमुक द्रव, अमुक प्रमाणात, डॉक्टरची वाट न पाहता सुरू करावे, दम्याच्या झटक्यात हे द्यावे, वेदनेसाठी ते. वैद्यकीय अधिकाऱ्याने सही करावी, संस्थेने कायदेशीर जबाबदारी आपल्यावर घ्यावी, आणि दरवर्षी त्याची उजळणी व्हावी. एका कागदाने सिस्टरचे हात मोकळे होतात. तो कागद नसेल तर शिकलेली, अनुभवी बाई हाताशी सलाइन असून हतबल उभी राहते.

इमारतीवरही विसंबून चालणार नाही. भूजचे सरकारी रुग्णालय पहिल्या हादऱ्यातच कोसळले, आतले रुग्ण आणि कर्मचारी गेले, आणि शहरातल्या जखमींवर ज्युबिली मैदानावर उघड्यात उपचार करावे लागले. काठमांडूत रुग्णालये उभी राहिली तरी धक्क्यांच्या भीतीने रुग्णांना अंगणात आणावे लागले. 12 मे 2015 रोजी 7.3 क्षमतेचा दुसरा मोठा भूकंप झाला तेव्हा ती भीती खरी ठरली. म्हणून केंद्राची जागा म्हणजे एखादे मैदान, हे आधीच ठरलेले असावे, आणि साहित्याच्या दोन पेट्या दोन वेगळ्या ठिकाणी, इमारतीबाहेर असाव्यात. त्यांत पट्ट्या, हातमोजे, खपच्च्या, सलाइन, रक्त थांबवायचे पट्टे, रंगीत फिती, बॅटऱ्या आणि कागद-पेन. औषधे रोजच्या वापरातून फिरती ठेवली तर मुदत संपून फेकावी लागत नाहीत. स्ट्रेचरची चिंता करू नये. वसतिगृहाची गादी, दरवाजा, मेसचे टेबल, सगळे स्ट्रेचरच आहे. ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीने बांधलेले आणि औषधांची कपाटे भिंतीला ठोकलेली असणे हे काम तर उद्या सकाळी सुताराला बोलावून होण्यासारखे आहे.

कॅम्पसचा म्हणून एक खास धोका असतो, तो प्रयोगशाळांचा. नॉर्थरिजच्या विद्यापीठात रसायने सांडून विज्ञान विभागाच्या इमारतीत आगी लागल्या. त्या दिवशी सुटी होती आणि पहाट होती म्हणून माणसे वाचली. कोणत्या इमारतीत कोणते आम्ल, कोणता वायू किती साठवलेला आहे हे रसायन विभागाला माहीत असते. आरोग्य केंद्राला क्वचितच. भाजलेल्या किंवा विषारी वायू हुंगलेल्या विद्यार्थ्यावर उपचार करणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे. दोन विभागप्रमुखांनी एक दुपार एकत्र बसून करायचे हे काम आहे.

यातले बरेचसे रोजच्या आरोग्यसेवेतच दडलेले आहे, ही मला सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता भागात 2006 च्या भूकंपानंतर धनुर्वाताची साथ उद्भवली. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याला आणि कामगाराला धनुर्वाताची लस दिली, नोंद ठेवली, तर मातीने भरलेल्या शेकडो जखमांची अर्धी चिंता मिटते. इन्सुलिनवर कोण आहे, फिट्सचे औषध कोण घेते, दम्याचा पंप कुणाकडे आहे, याची यादी रोजच्या रुग्णसेवेलाही हवीच. ती गोपनीय ठेवावी, विद्यार्थ्याच्या संमतीने करावी, आणि तिची एक छापील, मोहोरबंद प्रत बाहेरच्या पेटीत असावी, कारण वीज गेली की संगणकातली यादी असून नसल्यासारखी. प्राध्यापकांच्या क्वार्टर्समधल्या हृदयरोग्यांनाही विसरू नये. नॉर्थरिजच्या भूकंपाच्या दिवशी लॉस एंजेलिस परगण्यात हृदयविकाराने अचानक झालेले 24 मृत्यू नोंदले गेले. आधीच्या आठवड्यातली रोजची सरासरी 4.6 होती. त्यांच्या अंगावर भिंत पडली नव्हती.

मनाच्या जखमांबाबत आपल्याकडे दोन टोके आहेत : एकतर 'पोरे आहेत, विसरतील' म्हणून सोडून द्यायचे, नाहीतर सभागृहात सगळ्यांना बसवून प्रत्येकाला घडलेले सांगायला लावायचे. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही नको म्हणते. तिने 2011 मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेचे सूत्र साधे आहे : पाहा, ऐका आणि जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का पाहायचे, बोलला तर ऐकायचे, आणि घरच्यांशी, मित्रांशी, अन्नपाण्याशी त्याची गाठ घालून द्यायची. घरी 'मी ठीक आहे' एवढा निरोप पोहोचणे हा पहिल्या रात्रीचा सर्वांत मोठा उपचार असतो. वसतिगृहवार हजेरी घेऊन ती पालकांपर्यंत पोहोचवणे म्हणूनच आरोग्य योजनेचा भाग आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप. महाराष्ट्रात डेंग्यू दरवर्षी येतो, भूकंप क्वचित. मोजका पैसा आणि वेळ क्वचितच्या संकटावर का घालवावा? याचे एक उत्तर भूगर्भाचे आहे. 1993 पर्यंतच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. त्या विभागात एका पहाटे, सरकारी मोजणीनुसार, जवळपास आठ हजार माणसे मेली. कोयना परिसर तर धरण भरू लागल्यापासून आजतागायत हलतो आहे, आणि तिथून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या कराडमध्ये अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणाची मोठी वसतिगृहे आहेत. दुसरे उत्तर व्यवहाराचे आहे. वर्गवारी, स्थायी आदेश, मजल्यावरचे प्रशिक्षित विद्यार्थी, बाहेरची पेटी आणि आजाऱ्यांची यादी यांपैकी एकही गोष्ट फक्त भूकंपासाठी नाही. मेसमधून विषबाधा झाली, गॅदरिंगमध्ये चेंगराचेंगरी झाली, सहलीची बस उलटली, वसतिगृहाला आग लागली, तरी हेच लागते. त्या घटना क्वचित नाहीत.

खर्चापेक्षा कठीण आहे ती कसोटी. सरावाच्या नावाखाली आपल्याकडे जे होते ते सकाळी अकराला, फलक लावून, पाहुण्यांच्या उपस्थितीत आणि छायाचित्रांसह होते. सगळे हजर असतात, म्हणून सगळे सुरळीत पार पडते. खरा सराव याच्या उलट असावा. मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने खुर्चीत बसून फक्त पाहावे, बोलू नये. फार्मासिस्टला आधीच घरी पाठवावे. फोन बंद ठेवावेत. मग पंधरा 'जखमी' विद्यार्थी मैदानावर आणून ठेवावेत आणि घड्याळ लावावे. कुलूप कुणी तोडले, पहिले लाल नाव कुणी ठरवले, सलाइन कुणाच्या आदेशाने लागले, कुणाची गणना राहून गेली, हे लिहून काढावे. पहिल्या वेळी सराव फसेल. तो फसलेला अहवाल दाबून न ठेवता जाहीर करणारी संस्था मला सज्ज वाटेल.

कुलगुरूंना, संचालकांना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे की येत्या शैक्षणिक वर्षात एवढेच करावे : स्थायी आदेशांवर सही, वर्गवारीच्या नियमावर सही, दोन पेट्या, मजलावार यादी आणि डॉक्टरविना एक सराव. यांतल्या कशालाही नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. आणि पालकांना विनंती अशी की प्रवेशाच्या वेळी शुल्क, प्लेसमेंट आणि मेसची चौकशी करताना आणखी एक प्रश्न विचारावा : रात्री काही झाले आणि डॉक्टर नसले, तर माझ्या मुलाजवळ पहिला कोण पोहोचेल? त्याचे उत्तर एखाद्या नावाने मिळाले तर ती संस्था तयार आहे. 'समिती नेमली आहे' असे मिळाले तर ती तयार नाही.